फुकटच्या वेगाचा हिशेब

स्वस्तातला प्रोसेसर घ्यायचा, कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने तो पळवायचा, आणि महागड्या प्रोसेसरचे काम फुकटात करून घ्यायचे. घरी कॉम्प्युटर जोडायला निघालेल्या प्रत्येक तरुणाला हा सल्ला कोणी ना कोणी देतोच. कधी तो यूट्यूबवरून येतो, कधी शहरातल्या दुकानदाराकडून, कधी पुण्याला होस्टेलवर राहणाऱ्या मावसभावाकडून. सल्ल्यापाठोपाठ भागांची यादी येते, आणि चाळीस हजारांच्या आत सगळे बसवायचे असल्यामुळे ती यादी तरुण जशीच्या तशी उचलतो. माझे म्हणणे असे की वेरूळसारख्या गावासाठी ही यादी चुकीची आहे. ती एखाद्या ओळीत चुकलेली नाही, सुरुवातीलाच चुकलेली आहे. तिच्यात प्रोसेसर पहिला असतो. पहिली असायला हवी ती खोली: तिचे छप्पर, मे महिन्यातल्या दुपारचे तिचे तापमान, आणि तिच्या भिंतीतल्या सॉकेटला येणारी वीज.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ठरावीक माणसे आहेत. लग्नाचे आणि जावळाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरणारा मुलगा. लेण्यांसमोर पर्यटकांचे फोटो काढता काढता आता ड्रोनचे चित्रीकरण शिकलेला छायाचित्रकार. पॉलिटेक्निकला जाणारी, कॅडचे सॉफ्टवेअर घरी चालवू पाहणारी मुलगी. आणि नुसता गेम खेळायला मशीन हवे असलेला पोरगाही, कारण ती हौससुद्धा रास्त आहे. यांच्यापैकी कोणाकडेही एक भाग चुकला तर दुसरा आणायला पैसे नसतात. म्हणूनच त्यांना दिलेल्या सल्ल्याची तपासणी कठोरपणे व्हायला हवी.

समोरच्या बाजूचे जे खरे आहे ते आधी मान्य करतो. असा वेग वाढवण्याने, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगने, एकेकाळी गरिबाला खरोखर फुकट वेग दिला. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा बस, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या मशीनशी जोडणारी वाट, ६६ मेगाहर्ट्झचा होता. चांगल्या मदरबोर्डवर तो १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर पळायचा, म्हणजे थेट दीडपट, आणि कितीतरी महाग असलेल्या पेंटियम टूच्या पंगतीला बसायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग निवडून आणणाऱ्या हौशी पिढीला असे किस्से तोंडपाठ असतात आणि त्यात खोटे काही नाही. कंपनी एकाच साच्यातून निघालेल्या चिपा बाजारातल्या मागणीनुसार वेगवेगळ्या वेगाच्या म्हणून विकत होती. चिपेच्या अंगात शिल्लक राहिलेली ताकद गिऱ्हाईक स्वतः काढून घेत होते.

पण ती सोय कंपन्यांनी कधीच बंद केली. २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीपासून बस वाढवून वेग वाढवण्याचा मार्ग जवळजवळ संपला. नावापुढे ‘के’ असलेल्या महाग प्रोसेसरांचाच गुणक, म्हणजे बसच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग निघतो तो आकडा, उघडा राहिला, आणि तो वापरायला पुढे झेड मालिकेचा महाग मदरबोर्ड लागू लागला. २०१५ पासून त्या के प्रोसेसरांच्या खोक्यात पंखाही मिळेनासा झाला. तो वेगळा विकत घ्यायचा. मधे २०१४ मध्ये पेंटियम जी३२५८ हा एक स्वस्त, उघडा प्रोसेसर आला, पण तो दोनच कोअरचा होता आणि काही वर्षांतच नव्या गेमांना अपुरा पडला. २०१७ चा कोअर आय३-७३५०के तर ओव्हरक्लॉकिंगसाठीच काढलेला आय३ होता. त्याची किंमत, झेड बोर्ड आणि पंखा मिळून जे पैसे होत, त्यात साध्या बोर्डवर चार खऱ्या कोअरचा आय५ येत होता. थोडक्यात, गेली दहा-बारा वर्षे इंटेलच्या बाजूला ओव्हरक्लॉकिंग ही जास्तीचे पैसे मोजून मिळणारी चैन आहे. बजेट हा शब्द तिच्या शेजारी लावणाऱ्याने १९९८ चा अनुभव आजच्या किंमतपत्रिकेला चिकटवलेला आहे.

यावर उत्तर तयार असते: मग एएमडी घ्या. रायझनचे बहुतेक प्रोसेसर उघडे आहेत, आणि बी४५० किंवा बी५५० सारख्या मधल्या दराच्या बोर्डवरही वेग वाढवता येतो. हे बरोबर आहे, आणि मीही बजेट मशीनसाठी बहुतेकदा रायझनच सुचवतो. पण आजचा रायझन स्वतःच सतत वेग वाढवत असतो. आपले तापमान, आपल्याला मिळणारा विद्युतप्रवाह आणि कामाचा ताण तो क्षणाक्षणाला मोजतो आणि जेवढी मुभा आहे तेवढा वेग घेतो. रायझन ५ ५६०० चा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ असला तरी तो ४.४ पर्यंत आपणहून जातो. कंपनीने आधीच पिळून घेतलेल्या चिपेत हाताने पिळायला फारसे उरत नाही. दीडपट वेगाचा जमाना आता पाच-सात टक्क्यांवर आलेला आहे.

त्या पाच-सात टक्क्यांची किंमत काय? इथे थोडे गणित करावेच लागेल, कारण फुकट या दाव्याला उत्तर गणितानेच देता येते.

चिपेत निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढवायला व्होल्टेजही दहा टक्के वाढवावे लागले, तर उष्णता १.१ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे १.३३ पट होते. रायझन ५ ५६०० ला कंपनीने जास्तीत जास्त ७६ वॅट खेचण्याची मर्यादा घातलेली आहे. ती शंभरच्या पुढे जाते. वेग दहा टक्के, उष्णता तेहतीस टक्के. खोक्यातला छोटा पंखा ७६ वॅटच्या मर्यादेसाठी बनवलेला आहे, शंभरसाठी नाही.

आता ही उष्णता जाते कुठे? हवेत. आणि हवेचे तापमान हीच यादीत न लिहिलेली गोष्ट आहे. प्रोसेसरच्या पंख्यांच्या चाचण्या बहुधा वीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. सोयीसाठी असे धरू की एखादा पंखा पूर्ण ताणाखाली प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षा पन्नास अंश वर ठेवतो. बावीस अंशांच्या खोलीत, कॅबिनेट उघडे असताना, प्रोसेसर बहात्तरवर राहील आणि चाचणी करणारा समाधानाने शिफारस करील. वेरूळला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी तीनला बेचाळीस अंश असणे नवलाचे नाही, आणि बंद कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून चार-पाच अंश गरम असते. त्यावर पन्नास मिळवले की आकडा सत्त्याण्णवच्या घरात जातो. आजच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरांची कमाल मर्यादा नव्वद ते शंभर अंशांच्या दरम्यान आहे. ती गाठली की प्रोसेसर जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे ज्या वेगासाठी पैसे आणि रात्री घालवल्या तो दुपारी नसतोच. उलट तीच चिप कंपनीच्या ठरलेल्या वेगावर थंड राहून जास्त काम उरकून गेली असती.

आणि काम नेमके कधी असते? मराठवाड्यात लग्नसराईचा मोठा हंगाम एप्रिल-मे. व्हिडिओ एडिट करणाऱ्याचे मशीन वर्षभरात सर्वांत जास्त राबते ते सर्वांत गरम महिन्यांत, आणि तेही दिवसा, कारण संध्याकाळी त्याला दुसऱ्या लग्नाला कॅमेरा घेऊन जायचे असते. बेंगळुरूच्या किंवा तैवानमधल्या वातानुकूलित खोलीत बसून केलेल्या यादीला हे वेळापत्रक माहीत असण्याचे कारण नाही. पण ती यादी वेरूळला जशीच्या तशी आणून देणाऱ्याला तरी ते माहीत असायला हवे.

‘आमच्याकडे कूलर आहे’ असेही सांगितले जाते. पाण्याचा कूलर कोरड्या हवेत खोली चांगली थंड करतो, यात वाद नाही, आणि तो चालू असताना मशीनला फायदा होतोच. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये, कारण ती दमट हवा असते आणि बारीक तुषारांसोबत पाण्यातले क्षार आत जाऊन बसतात. शिवाय लाइट गेली की घरातला कूलर आधी बंद पडतो. मशीन मात्र यूपीएसवर चालूच राहते. मध्यावर आलेले रेंडर कोणी थांबवत नाही, आणि पाहता पाहता खोली पुन्हा तापते.

विजेकडे वळतो, कारण मला सर्वांत जास्त राग इथेच येतो. चाळीस हजारांच्या यादीत एसएमपीएससाठी, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यासाठी, दीड-दोन हजार ठेवलेले असतात, आणि कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस वापरा असेही बिनदिक्कत सांगितले जाते. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेले असते. खरा आकडा बाजूच्या तक्त्यात असतो: बारा व्होल्टच्या तारेवर किती अँपिअर मिळतात. बाराने गुणले की कळते की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डच्या वाट्याला किती वॅट येतात, आणि स्वस्त डब्यात ते वरच्या आकड्यापेक्षा फारच कमी निघतात. हा तक्ता वाचायला न शिकवता ओव्हरक्लॉक करायला शिकवणे बेजबाबदारपणाचे आहे. एसएमपीएसची वीज डळमळली तर तिच्यामागे बोर्ड, हार्डडिस्क, कार्ड असे सगळे जाऊ शकते.

चांगल्या एसएमपीएसवर ‘८० प्लस’ची मोहोर असते आणि लोक तिला दर्जाची खूण समजतात. ती कार्यक्षमतेची खूण आहे, आणि ती चाचणी सुमारे तेवीस अंशांवर होते. आपल्याला हवे ते वेगळे: हा एसएमपीएस पूर्ण वॅट चाळीस अंशांवर देतो की पन्नासवर, आणि त्यातले कपॅसिटर ८५ अंशांचे आहेत की १०५ चे. कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. पंचवीस अंशांच्या खोलीत दहा वर्षे चालणारा भाग पंचेचाळीस अंशांत किती चालेल, हे वाचकाने स्वतः काढावे. त्यावर आणखी तेहतीस टक्के उष्णता लादण्याआधी काढावे.

वेरूळला संध्याकाळी व्होल्टेज खाली येते, हे इथल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पंख्याचा वेगच सांगतो. स्वस्तातले पुष्कळ एसएमपीएस २०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि तसे त्यांच्यावर छापलेलेही असते. अॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट, असलेले बहुतेक एसएमपीएस १०० ते २४० मध्ये कुठेही चालतात. दोघांच्या किमतीतला फरक हजार-दीड हजाराचा असेल, आणि गावातल्या मशीनसाठी प्रोसेसरवर टाकलेल्या कुठल्याही हजारापेक्षा तो मोलाचा आहे. मात्र त्या पीएफसीची एक अट आहे. स्वस्त यूपीएस आणि जुने इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात. काही अॅक्टिव्ह पीएफसी एसएमपीएस त्या लाटेवर जाताच बंद पडतात. म्हणजे एसएमपीएस आणि यूपीएस यांचीही एकमेकांशी जुळणी लागते, पण भाग जुळतात की नाही हे तपासणाऱ्या कुठल्याही तक्त्यात मला यूपीएसचा रकाना दिसलेला नाही. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट देतो, हेही दुकानात फारसे कोणी सांगत नाही. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मिळून त्या रेषेजवळ पोचले, की लाइट जाताच यूपीएसही ओरडून बंद होतो.

विजेच्या बिलाचे म्हणाल तर पन्नास वॅट जास्तीचे, रोज सहा तास, म्हणजे महिन्याला नऊ युनिट. एवढ्याने कोणी बुडत नाही. पण महावितरणचा घरगुती दर शंभर युनिटांनंतर चढतो, आणि त्या उंबरठ्यावरच्या घराला ते नऊ युनिट चढ्या दरानेच पडतात. फुकट म्हणणाऱ्याने तेवढे तरी मोजावे.

आता जुळणी. यादीवाल्यांची जुळणीची कल्पना सॉकेटपाशी संपते: प्रोसेसर बोर्डावर बसतो ना, मग झाले. सॉकेट जुळणे ही पहिली पायरी आहे आणि कधीकधी तीही फसवी असते. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचा सॉकेट ११५१ पिनांचा आणि आठव्या-नवव्याचाही ११५१ चाच. पण २०१७ मध्ये आलेले आठव्या पिढीचे प्रोसेसर जुन्या बोर्डावर अधिकृतपणे चालत नाहीत. जुना बोर्ड स्वस्तात मिळतो म्हणून घेणारे यात फसले.

एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. एकच सॉकेट इतक्या पिढ्या चालला की जुन्या बोर्डांच्या बायोस चिपेत सगळ्या प्रोसेसरांची माहिती मावेना. २०२० मध्ये एएमडीने बी४५० बोर्डांना नव्या रायझन ५००० मालिकेचा आधार मिळणार नाही असे जाहीर केले, ग्राहक चिडले, आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला. त्यामुळे आज बी४५० वर रायझन ५ ५६०० चालतो, पण बायोस नवा असेल तरच. जुन्या साठ्यातला बोर्ड घरी आणून मशीन जोडले की पंखे फिरतात, दिवे लागतात, पडद्यावर काहीच येत नाही. बायोस बदलायला एक तर जुना प्रोसेसर लागतो, नाही तर बोर्डवर पेनड्राइव्हने बायोस भरण्याचे बटण लागते. शहरात राहणाऱ्याला ही अर्ध्या तासाची अडचण आहे. वेरूळच्या मुलाला ती एका दिवसाची आहे. लेणी मंगळवारी बंद असतात; तिथे काम करणाऱ्याला तोच दिवस मोकळा, आणि त्याच दिवशी बोर्ड पिशवीत घालून खुलताबाद, दौलताबाद करत एसटीने तीस किलोमीटरवर शहर गाठायचे. म्हणून माझ्या यादीत ते बटण असलेला बोर्ड हा वेगाच्या कुठल्याही वाढीच्या वर आहे.

ग्राफिक्स कार्डाचे उदाहरण तर मला प्रत्येक व्हिडिओवाल्याला ऐकवावेसे वाटते. २०२२ च्या जानेवारीत एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी आले आणि बजेट याद्यांमध्ये शिरले. ते कुठल्याही बोर्डाच्या मोठ्या स्लॉटमध्ये बसते, म्हणून जुळते असे म्हणता येईल. पण त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन आहेत. चौथ्या पिढीच्या बोर्डावर त्या निभावून नेतात. तिसऱ्या पिढीच्या बी४५० वर रुंदी निम्मी होते आणि त्याची चारच जीबी मेमरी भरली की गेम अडखळू लागतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारे हार्डवेअरच नाही. लग्नाचे तीन तासांचे चित्रीकरण बाहेर काढताना सगळा भार प्रोसेसरवर येतो. ते हार्डवेअर असलेल्या कार्डावर तेच काम कितीतरी लवकर होते. पाच टक्के ओव्हरक्लॉकने साठ मिनिटांचे रेंडर सत्तावन्न मिनिटांवर येईल. योग्य कार्ड निवडले तर त्या मुलाची दुपार वाचेल. जुळणी म्हणजे काय याचे उत्तर इथे आहे: भाग एकमेकांशी जुळावेत आणि कामाशीही जुळावेत.

बाकीचे पटकन सांगतो. ग्राफिक्स कार्ड न घेता रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवर भागवायचे असेल तर सोळा जीबीची एक पट्टी घेऊ नका, आठ-आठच्या दोन घ्या. त्यातले ग्राफिक्स रॅमच वापरते, आणि दोन वाटांनी मेमरी मिळाली की पडणारा फरक हाताने केलेल्या कुठल्याही ओव्हरक्लॉकपेक्षा मोठा असतो. डीडीआर५ ची पट्टी डीडीआर४ च्या खाचेत बसत नाही; जबरदस्ती करू नये. चीनहून येणारे एक्स९९ बोर्ड आणि वापरलेले झिऑन प्रोसेसर कोअरच्या संख्येमुळे मोहात पाडतात, पण त्यांतले बरेचसे १२० वॅटचे आहेत, बहुतेकांचा गुणक बंद आहे, आणि त्यांच्यासोबत मिळणारी सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम पुढे साध्या बोर्डवर चालत नाही. पत्र्याच्या खोलीत तर ते नकोतच.

ओव्हरक्लॉकिंगच्या बाजूने एक भावनिक मुद्दा मांडला जातो आणि तो मला मनापासून खोडायचा आहे. कमी साधनांत जास्त काढणे हा आपला बाणा आहे, ज्यांना मोठे परवडत नाही त्यांनी छोट्यालाच पळवावे, असे म्हणतात. महाराष्ट्राकडे याचे जे सर्वांत मोठे उदाहरण आहे ते याच्या उलट सांगते. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला हवे असलेले प्रबळ महासंगणक द्यायला खळखळ केली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातून आलेल्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यात जगातला सर्वांत वेगवान प्रोसेसर नव्हता. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर होते, आणि प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे होते. एकेका चिपेला तिच्या ताकदीबाहेर पिळण्याऐवजी त्या चमूने साध्या चिपा एकमेकींशी नीट जोडल्या आणि त्यांच्यात काम वाटून देणारे सॉफ्टवेअर लिहिले. कमी साधनांत जास्त काढण्याची ती खरी रीत होती. ती जोडणीची रीत होती, आणि चाळीस हजारांच्या मशीनलाही तीच लागू पडते.

पिळण्याचा परिणाम काय होतो तेही मोठ्या प्रमाणावर दिसून चुकले आहे. इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अनेकांकडे अस्थिर होऊ लागले, आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. पुढच्या महिन्यात दुरुस्तीचा मायक्रोकोड आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. ज्या कंपनीने चिप घडवली तिच्याच हिशेबात व्होल्टेज थोडे चढे राहिले तर हे घडते. घरी बसून व्होल्टेज वाढवणाऱ्याला तर वाढीव वॉरंटी सोडाच, मूळचीही नाही. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान इंटेल आणि एएमडी दोघेही वॉरंटीतून वगळतात. तीन वर्षांची वॉरंटी ही गरीब गिऱ्हाइकाची सर्वांत मोठी ठेव आहे. पाच टक्क्यांसाठी ती मोडायला सांगणारा कोणाच्या पैशावर धाडस करतो आहे?

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. ते म्हणतात, एवढी कटकट असेल तर गावातल्या पोराने लॅपटॉप घ्यावा आणि मोकळे व्हावे. हेही मला पटत नाही. उष्णतेचा जो हिशेब वर मांडला तो लॅपटॉपला जास्त लागू होतो, कारण त्याच्यात हवेला जागाच नसते. त्याचा बोर्ड गेला की बहुधा सगळेच जाते. जोडलेल्या मशीनचा एसएमपीएस गेला तर एसएमपीएस बदलतो, रॅम अपुरी पडली तर पट्टी वाढते, आणि पाच वर्षांनी प्रोसेसर बदलून तेच कॅबिनेट पुढे चालते. शिवाय हाताने मशीन जोडलेला मुलगा दुसऱ्याचे बिघडलेले मशीन उघडायला घाबरत नाही. गावात हे कौशल्य पैसे देते. माझा विरोध घरी जोडण्याला अजिबात नाही. चुकीच्या क्रमाने जोडण्याला आहे.

मग क्रम कोणता? आधी खोली पाहावी, पत्रा की स्लॅब, खिडकी कुठे, मशीन भिंतीला चिकटून राहणार की चार बोटे सुटे. मग वीज आणि यूपीएस, आणि त्याला जुळणारा अॅक्टिव्ह पीएफसीचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस. मग समोरून जाळी असलेले कॅबिनेट. काचेच्या तोंडाचे रंगीत दिव्यांचे डबे दुकानात देखणे दिसतात आणि आतली हवा कोंडतात. जाळीमागे निघणारा, धुता येणारा फिल्टर हवाच, कारण इथली धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये थर करून बसते. मग व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर, धातूचे हीटसिंक असलेला आणि बायोसचे बटण असलेला बोर्ड. त्यानंतर कामाला लागेल ते कार्ड, आणि शेवटी उरलेल्या पैशात येईल तो प्रोसेसर. तो एका पायरीने खालचा आला तरी हरकत नाही. थंड हवा आणि स्थिर वीज मिळाली तर तो आपला सगळा वेग दिवसभर देईल.

ज्याला बायोसमध्ये बोटे घालण्याची हौस आहे त्याच्यासाठीही वाट आहे, फक्त दिशा उलटी. व्होल्टेज वाढवण्याऐवजी कमी करा. रायझन ५००० मालिकेत बायोसमधला कर्व्ह ऑप्टिमायझर उणे बाजूला थोडाथोडा सरकवला की तेवढ्याच वेगाला कमी व्होल्टेज लागते, तापमान उतरते, आणि थंड झालेला प्रोसेसर आपणहून जास्त वेळ वरच्या वेगावर टिकतो. हेही कंपनीच्या ठरलेल्या मर्यादेबाहेरचेच काम आहे, म्हणून सावकाश करावे आणि प्रत्येक पायरीवर तपासावे. तेवढेही नको असेल तर इको मोड लावावा. ६५ वॅटचा प्रोसेसर ४५ वर येतो आणि रोजच्या कामात फरक क्वचितच कळतो.

आणि चाचणी रात्री करू नका. मशीन जोडले की मुले उत्साहात मध्यरात्री ताण देऊन पाहतात, सत्तर अंश दिसले की निर्धास्त होतात. चाचणी दुपारी तीनला करा, कूलर बंद ठेवून, दार लावून, तुमच्या खऱ्या कामाची फाइल तासभर चालवून, आणि तापमानासोबत प्रोसेसरचा वेगही दर दहा मिनिटांनी लिहून ठेवा. पहिल्या दहा मिनिटांतला वेग आणि शेवटच्या दहा मिनिटांतला वेग सारखा असला तर मशीन जुळले. खाली आलेला असला तर दुकानदाराची बदलून देण्याची मुदत संपण्याआधी कॅबिनेट किंवा पंखा बदलून घ्या, आणि हिवाळ्यात मशीन घेतले असेल तर हीच चाचणी मार्चच्या अखेरीस पुन्हा करा.